वर्कशॉपची फी भरण्याआधी

इंदूरला माझं वाचा आणि श्रवण उपचारांचं क्लिनिक आहे आणि इंटर्नशिपची मुलंमुली तिथे शिकायला येतात. आज मला बोलायचंय ते त्यांच्याशी, आणि त्यांच्यासारख्या देशभरातल्या बीएएसएलपीच्या विद्यार्थ्यांशी. पालकही ऐकत असतील, तर त्यांच्यासाठी दोन वाक्यं. हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. ऐकू न येणं, उशिरा बोलणं, अडखळत बोलणं, पक्षाघातानंतर गेलेली भाषा, गिळताना होणारा त्रास, हे सगळं यात येतं.

मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "मॅडम, पदवीबरोबर अजून कुठलं सर्टिफिकेट करू?" दर आठवड्याला फोनवर नवं पोस्टर येतं. दोन दिवसांत ऑटिझम, एका रविवारी गिळण्याचे विकार, शेवटी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. फी घरचे भरतात. हॉस्टेलचा खर्च आधीच ओढाताण करून भागवणारे आईवडीलही भरतात, कारण मुलगी मागे पडेल अशी त्यांना भीती असते. ही भीती विकली जाते आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

थोडा कायदा समजून घ्या, म्हणजे भीती कमी होईल. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याखाली भारतीय पुनर्वसन परिषद, म्हणजे आपली आरसीआय, काम करते. पदवीनंतर तिच्या केंद्रीय नोंदवहीत तुमचं नाव लागतं आणि नोंदणी क्रमांक मिळतो. त्याशिवाय व्यवसाय करता येत नाही. ठरावीक काळाने नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी सीआरई, म्हणजे निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमांचे गुण जमवावे लागतात. ते गुण नोंदणी झालेल्यांना लागतात. तुमची नोंदणीच व्हायची आहे, म्हणजे गुणांची घाई आमची आहे, तुमची नाही. विद्यार्थी असताना फक्त शिकायला जाता येतं, ही चैन पुढे उरत नाही.

मग जायचं कुठे? कुठलंही वर्कशॉप असो, मी मुलांना आधी विचारायला लावते, की शिकवणारी व्यक्ती स्वतः पेशंट बघते का आणि तिथे तुमच्या हाताला काही काम मिळणार का. आणि खरा प्रश्न पुढचा. तसा पेशंट येत्या महिन्याभरात तुमच्यासमोर, सुपरवायझरच्या देखरेखीखाली, येणार आहे का? येणार नसेल तर शिकलेलं महिन्यात विरून जातं. श्रवणयंत्रं आणि कॉक्लियर इम्प्लांट बनवणाऱ्या कंपन्यांची प्रशिक्षणं मात्र बरेचदा फुकट असतात आणि चांगलीही असतात. जरूर जा. यंत्राचं प्रोग्रामिंग तिथे नीट शिकायला मिळतं. फक्त ते आपल्या मालाबद्दल शिकवताहेत हे डोक्यात ठेवा, आणि दुसऱ्या कंपनीच्या प्रशिक्षणालाही जा.

आता मला ज्याबद्दल जास्त बोलायचंय, त्याकडे येते. आपली भाषा.

मराठीतला 'चार' म्हणून बघा. आता 'चारा' म्हणा. लिहिताना च एकच, पण जीभ दोन वेगळ्या जागी लागते. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जगणं' यांतल्या ज चंही तेच. हिंदीत हा भेद नाही. आता इंदूरमधल्या मराठी घरातलं चार वर्षांचं मूल घ्या. ते 'चमचा' आपल्यासारखा म्हणतं, आणि समोर बसलेली हिंदी भाषक विद्यार्थिनी कागदावर उच्चारदोष लिहून मोकळी होते. मुलात काही दोष नसतो, ते आपल्या आजीसारखं बोलत असतं. उलटही होतं. एखाद्या मुलाला सहाव्या वर्षीही 'ळ' म्हणता येत नाही, आणि हिंदीत 'ळ' नसल्यामुळे ते कुणाच्या लक्षातच येत नाही.

कानाच्या तपासणीतही हेच होतं. शुद्ध स्वरांची चाचणी झाली की शब्द ऐकवून ते परत म्हणायला सांगतात. सत्तरीच्या मराठी बाईंना अनोळखी हिंदी शब्द ऐकवले आणि गुण कमी पडले, तर कमी काय पडलं, कान की भाषा? पक्षाघाताच्या पेशंटचं तर विचारूच नका. माणूस बायकोशी मराठीत, दुकानात हिंदीत, नातवंडांशी अर्धं इंग्रजीत बोलत आलेला असतो. कुठली भाषा किती उरली आहे, हे घरच्यांशी बसून बोलल्याशिवाय कळत नाही.

बडोदा, बेळगाव, हैदराबाद, दिल्ली, जिथे कुठे तुम्ही शिकत असाल तिथे मराठी येणारा विद्यार्थी तुकडीत एखादाच असतो. ती अडचण समजू नका, ते तुमचं भांडवल आहे. सुपरवायझरशी बोला, पालकांची लेखी संमती घ्या आणि एका बालवाडीतल्या वीस मुलांचे उच्चार रेकॉर्ड करून नीट लिहून काढा. वीस मुलांवरून नियम सांगता येत नाही, पण कान तयार होतो आणि पोस्टरपुरतं काम उभं राहतं. इंडियन स्पीच अँड हिअरिंग असोसिएशनचं दरवर्षी अधिवेशन भरतं, ईशाकॉन. तिथे विद्यार्थी पोस्टर मांडतात. तुमच्या राज्याच्या शाखेचे कार्यक्रम त्याहून जवळ आणि स्वस्त पडतात. काम सुरू करण्याआधी जुने प्रबंध चाळा. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ पासून आहे आणि तिथल्या विद्यार्थ्यांचे कितीतरी प्रबंध संस्थेच्या डिजिटल ग्रंथालयात आहेत. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून आहे. मुंबईत शिकत असाल तर तिथल्या ग्रंथालयात चक्कर मारा. माझ्या मते एक प्रबंध शेवटपर्यंत वाचणं हे चार वेबिनारांना भारी आहे.

पुस्तकात न सापडणारं शिक्षण जिल्ह्याच्या रुग्णालयात मिळतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडी आणि शाळांतली मुलं तपासली जातात आणि शंका आली की त्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. कॉलेजचं पत्र घेऊन तिथे आठवडाभर बसा. बाळाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत, उपचार सहाव्यापर्यंत, हे सूत्र तुम्हाला पाठ असतं. ते का पाळलं जात नाही, हे तिथल्या बाकावर कळतं. बस दोनदाच येते, मजुरी बुडते, सासूबाई म्हणतात याचा बापही उशिराच बोलला. उपचाराची आखणी करताना हे सगळं धरूनच करावी लागते.

आणखी एक करा. अडखळत बोलणाऱ्यांचे स्वमदत गट अनेक शहरांत भरतात, द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशनचे आहेत. परवानगी घेऊन जा आणि काही न शिकवता नुसतं ऐका. आपल्या थेरपीबद्दल लोक काय म्हणतात ते ऐकायला जड जातं, पण ऐका. सांकेतिक भाषाही शिका. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा दहा हजार शब्दांचा व्हिडिओ कोश घरबसल्या बघता येतो. आपल्या क्षेत्रात काही जण अजून म्हणतात की खुणा शिकवल्या की मूल बोलणार नाही. मला हे पटत नाही. बहिऱ्या मुलाच्या आईला त्याच्याशी आज संध्याकाळी बोलायचं असतं, इम्प्लांटची तारीख लागेपर्यंत ती थांबू शकत नाही.

वेळ होत आला. बेळगावहून आधीच एक प्रश्न आलाय, की परदेशात जायचं असेल तर आत्तापासून कुठले कोर्स करावेत. कोर्स नंतर, आधी देश ठरवा. अमेरिकेत स्पीच पॅथॉलॉजीसाठी मास्टर्स लागतं, ऑडिऑलॉजीसाठी डॉक्टरेटच्या पातळीची पदवी लागते. दुसऱ्या देशांचे नियम वेगळे आहेत. त्या देशाच्या नोंदणी संस्थेच्या अटी स्वतः वाचा, एजंटच्या तोंडून ऐकू नका. तिथे बहुधा क्लिनिकमध्ये घालवलेल्या तासांचा हिशोब मागतात, तेव्हा पहिल्या वर्षापासून प्रत्येक केसची तारीख, तास आणि सुपरवायझरची सही एका वहीत ठेवा. इथेच राहणार असाल तरी ठेवा.

चला, पुढचा प्रश्न घेऊ.