एक्क्यांची जोडी



पत्त्यांच्या डावाविषयीं एका सेवानिवृत्त शाळामास्तरानें नभोवाणीवरून बोलावें, याचें आपणांस आश्चर्य वाटेल. मुलांच्या दप्तरांत सांपडलेले पत्ते जप्त करण्यांत माझा जन्म गेला. परंतु २०२४ सालीं माझा पुतण्या एका संध्याकाळीं खालच्या मानेनें माझ्याकडे आला. ऑनलाइन पोकरमध्यें त्यानें दोन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम घालविली होती. त्यानें विचारलें, "काका, हातांत दोन एक्के असतांना मी हरलों, तेंहि एकदां नव्हे, चारदां. हें यंत्र लबाडी तर करीत नसेल ना?"

त्या प्रश्नाचें उत्तर आज मी देणार आहें. पुढें २०२५ च्या ऑगस्ट महिन्यांत आपल्या संसदेनें कायदा करून, पैसे लावून खेळावयाचे आंतरजालावरील खेळ, मग ते कौशल्याचे म्हणवोत वा दैवाचे, निषिद्ध ठरविले. तेव्हां माझें बोलणें फुकटच्या चकत्यांवर खेळणारांसाठीं आहे. आणि ज्यांचे मुलगे-भाचे हा खेळ कायद्यानें चालतो अशा परदेशांत आहेत, त्यांच्यासाठींहि आहे.

प्रथम खेळाचें स्वरूप सांगतों. टेक्सस होल्डेम या प्रकारांत प्रत्येकास दोन पानें गुप्त मिळतात. मध्यें पांच पानें सर्वांचीं सामाईक उघडतात: आधीं तीन, मग एक, मग आणखी एक. या सातांतून ज्याचा पांच पानांचा मेळ सरस, त्याची मधली रास. दर टप्प्याला बोली होते. बावन्न पानांतून दोन पानांच्या १,३२६ जोड्या होतात, आणि त्यांपैकीं एक्क्यांच्या अवघ्या ६. म्हणजे ही सर्वांत बलवान् जोडी सरासरीनें २२१ डावांत एकदां येते. समोरासमोर बसून तासाला पंचवीस-तीस डाव होतात, तर यंत्रावर साठ-सत्तर. यंत्रावर सुद्धां तीन-साडेतीन तास वाट पाहावी, तेव्हां ती दिसते. इतकी वाट पाहून मिळालेली वस्तु मनुष्याला आपला हक्क वाटूं लागते. घात होतो तो येथेंच.

पुतण्याला गणित समजावून देण्यासाठीं मी स्वतः फुकटच्या चकत्यांवर खेळूं लागलों. एके रात्रीं तो शेजारीं बसला असतां माझ्या हातीं इस्पिकचा आणि चौकटचा एक्का आला. प्रत्येकापाशीं २०० चकत्या होत्या, आणि आरंभींची सक्तीची मोठी बोली २ ची. मीं विचार केला, बोली वाढविली तर सगळे पळून जातील, गुपचूप राहावें. मीं दोनच चकत्या लावल्या. माझ्यासह पांच जण डावांत राहिले, आणि रास झाली १०. पानें उघडलीं: बदामाची सत्ती, बदामाची अठ्ठी, किलवरची नव्वी. मीं १० लावल्या; दोघांनीं तितक्याच लावल्या, बाकीचे गळाले. रास ४० झाली. चौथें पान बदामाची दश्शी. मीं ३० लावल्या. आतांपर्यंत मुकाट्यानें मागून येणार्‍या एका गृहस्थानें आपल्या उरलेल्या १८८ चकत्या एकदम पुढें लोटल्या. तिसर्‍यानें पानें टाकलीं. मला आणखी १५८ भरावयाच्या होत्या. दोन एक्के कसे टाकावे? मीं भरल्या. त्यानें बदामाची राणी आणि बदामाचा गुलाम दाखविला. त्याचे पांच बदाम झाले होते. न उघडलेल्या ४४ पानांत मला वांचवूं शकेल असें एकहि पान उरलें नव्हतें.

पुतण्या कांहीं बोलला नाहीं. मीं पाटी-पेन्सिल घेतली.

पहिली चूक गर्दीची. दोन एक्के एका अज्ञात हाताविरुद्ध शंभरांत सुमारें ८५ वेळां जिंकतात. तिघांविरुद्ध ६४ वेळां, चौघांविरुद्ध ५६ वेळां आणि आठांविरुद्ध केवळ ३५ वेळां. म्हणून आरंभींच मोठ्या बोलीच्या तिप्पट-चौपट लावावी, गर्दी पांगते.

दुसरी चूक मधलीं पानें न वाचण्याची. राजा, सत्ती, दुर्री अशीं तीन वेगळ्या रंगांचीं पानें पडलीं असतीं तर माझी जोडी बहुधा पुढें असती. परंतु लागोपाठचीं आणि एकाच रंगाचीं पानें पडूं लागलीं कीं एक्क्यांची किंमत दर पानाला उतरते.

तिसरी चूक सर्वांत मोठी. २५८ चकत्यांच्या राशीसाठीं १५८ भरावयाच्या, तर शंभरांत निदान ३८ वेळां जिंकण्याची आशा हवी. तीन बदाम आणि चार लागोपाठ पानें समोर असतां, आजवर गप्प असलेला मनुष्य सर्वस्व लावतो, तेव्हां केवळ एका जोडीला तेवढी आशा कोठली?

एक्का आणि राजा ही जोडहि अशीच फसवी. ती ८३ डावांत एकदां येते, दिसते राजेशाही. परंतु अजून तिची जोडी जमलेली नसते. पहिल्या तीन पानांत एक्का किंवा राजा सुमारें तीनांत एकदांच येतो. न आला तर एखादी लहान बोली करून पाहावी, आणि प्रतिकार झाला तर बाजूस व्हावें.

आतां पुतण्याचा प्रश्न. एकच प्रतिस्पर्धी असला तरी ही जोडी शंभरांत पंधरा-वीस वेळां हरते. तेव्हां चार पराभवांवरून यंत्राची लबाडी ठरत नाहीं. जिंकलेले डाव त्यानें मोजलेच नव्हते. मीं त्याला आठवून लिहावयास लाविलें. जिंकला तेव्हां समोरच्यांनीं लवकर पानें टाकल्यामुळें थोडें मिळालें होतें. हरला तेव्हां शेवटपर्यंत भरीत राहिल्यामुळें होतें नव्हतें तें गेलें होतें. कागदाच्या एका बाजूस बारीक रकमांची लांब यादी झाली, आणि दुसर्‍या बाजूस चारच आंकडे. बेरीज त्यानें स्वतः केली. त्याच आठवड्यांत त्यानें खातें बंद केलें, आणि मित्राकडून घेतलेली उसनवारी हप्त्याहप्त्यानें फेडली.

शाळेंत सहामाहीला पहिला आलेला मुलगा वार्षिक परीक्षेंत मागें पडलेला मीं पुष्कळदां पाहिला आहे. गुणपत्रिका खोटी नसे. ती सहामाहीची असे, इतकेंच. दोन एक्के हीहि सहामाहीचीच गुणपत्रिका होय. पांच पानांची परीक्षा पुढें व्हावयाचीच असते.

अजूनहि कधीं रविवारीं आम्ही काका-पुतणे फुकटच्या चकत्यांवर खेळतों. परवा त्याच्या हातीं दोन एक्के होते. शेवटचें पान पडल्यावर त्यानें क्षणभर विचार केला आणि ते मुकाट्यानें टाकले. समोरच्याकडे काय होतें तें कळलें नाहीं, आणि त्यानें विचारलेंहि नाहीं.