स्फटिकाचा कोन आणि खनिजाची ओळख

(वाचनालयाच्या शताब्दीनिमित्त योजिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शहापूर ही मागांची आणि सराफीची जुनी पेठ. १९४८ साली विलीनीकरण होईपर्यंत सांगली संस्थानात असलेल्या या गावाचे नाव लुगड्यांमुळे दूरवर गेले, आणि सराफ गल्लीमुळे पंचक्रोशीतील लग्नघरांची पावले इकडे वळत राहिली. सराफाच्या पेढीवर जुना दागिना आला म्हणजे तो केवळ पिवळ्या रंगावर विश्वास ठेवीत नाही, कारण पितळही पिवळेच असते. तो काळ्या दगडावर दागिन्याची रेघ ओढतो, शेजारी ठाऊक कसाच्या सोन्याची रेघ ओढतो, दोन्ही रेघांवर आम्ल लावतो आणि मगच निर्णय देतो. या दगडाला संस्कृतात ‘निकष’ म्हणतात आणि मराठीत ‘कसोटी’. आज हे दोन्ही शब्द कोणत्याही परीक्षेसाठी वापरले जातात. त्यांचे मूळ मात्र या लहानशा काळ्या दगडात आहे.

दगडावर सोने पारखता येते हे सर्वांना ठाऊक आहे. पण खुद्द दगड पारखावयाचा तर त्याची कसोटी कोणती? खाणीत, विहिरीच्या खोदकामात किंवा रस्त्याच्या खडीत एखादा लकाकणारा खडा सापडला, तर तो काय आहे हे कशावरून ठरवावे? रंगावरून ठरवू गेल्यास फसगत ठरलेली, कारण एकच खनिज पांढरे, गुलाबी, हिरवे अशा अनेक रंगांत आढळते. आकारमानावरून ठरवू गेल्यासही तेच, कारण तेच खनिज मोहरीएवढे असते आणि मुठीएवढेही असते. चमक हाताळण्याने आणि हवापाण्याने मंदावते. या सर्व बदलत्या गुणांमध्ये एक गुण असा आहे, की जो खड्याच्या लहानमोठेपणाने अथवा रंगाने बदलत नाही. तो म्हणजे स्फटिकाच्या दोन फलकांमधील कोन. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे.

प्रथम आपल्या भूमीकडे पाहू. बेळगाव परिसर हा दख्खनच्या काळ्या कातळाच्या दक्षिण सीमेवर वसलेला आहे. येथून निपाणीवरून उत्तरेकडे जावे, तर कोल्हापूर, सातारा, पुणे असा काळा पाषाण सलग साथ देतो. पूर्वेकडे गोकाकला जावे, तर घटप्रभेचा धबधबा ज्या कड्यावरून कोसळतो तो कडा काळ्या पाषाणाचा नव्हे. तो त्याहून कितीतरी प्राचीन अशा वालुकामय थरांचा, कलादगी मालेतील खडकांचा आहे. या दोन्हींच्या माथ्यावर ठिकठिकाणी तांबडा जांभा पसरलेला दिसतो. रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाने दक्षिण मराठा मुलखाच्या भूरचनेचे सविस्तर वर्णन १८७६ साली प्रसिद्ध केले, आणि आजही या भागाचा अभ्यासक त्या ग्रंथापासून आरंभ करतो.

काळा पाषाण म्हणजे सुमारे सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वी भूपृष्ठावर पसरलेला लाव्हारस होय. तो निवत असताना त्यात वायूंचे बुडबुडे अडकले आणि त्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. पुढे या पोकळ्यांतून खनिजांनी भारलेले पाणी झिरपले आणि सावकाश स्फटिक वाढले. झिओलाइट गटातील खनिजे, अ‍ॅपोफिलाइट, कॅल्साइट, क्वार्ट्‌झ ही सारी या पोकळ्यांतील संपत्ती. पुणे, नाशिक आणि जळगाव या जिल्ह्यांतील खाणींचे नमुने जगभरातील संग्रहालयांत मानाने मांडलेले आहेत. सिन्नर येथील ‘गारगोटी’ संग्रहालयात ते मराठी माणसास घराजवळ पाहावयास मिळतात.

आता कोन बदलत का नाही, हे समजून घेऊ. शहापूरच्या श्रोत्यांस त्यासाठी मागाचाच दाखला पुरेसा आहे. मागावर उभे आणि आडवे धागे एकमेकांस काटकोनात छेदतात. त्या मागावर नऊवारी लुगडे विणा की हातभर पंचा विणा, धाग्यांमधला काटकोन तोच राहतो. लांबी-रुंदी बदलते, विणीची दिशा बदलत नाही. स्फटिकातही अणूंची मांडणी अशीच ठरावीक विणीची असते, मात्र ती तीन दिशांनी असते. स्फटिक वाढताना एका अंगाला जागा अधिक मिळाली तर तो फलक लहान-मोठा होतो, स्फटिक वेडावाकडा दिसू लागतो. परंतु फलकांच्या दिशा आतल्या मांडणीनेच ठरत असल्यामुळे दोन फलकांमधील कोन अढळ राहतो.

अणूंच्या मांडणीचा पुरावा मिळण्यापूर्वी कितीतरी आधी हा नियम माणसाला केवळ निरीक्षणाने सापडला. निकोलस स्टेनो याने १६६९ साली फ्लॉरेन्स येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात क्वार्ट्‌झच्या स्फटिकांबद्दल हे सूचित केले. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी फ्रान्समध्ये रोमे द लील हा अभ्यासक स्फटिकांच्या मातीच्या प्रतिकृती करवून घेत होता. त्या हुबेहूब वठाव्यात म्हणून त्याचा साहाय्यक कारांझो याने १७८० च्या सुमारास एक साधे उपकरण तयार केले. अर्धवर्तुळाकार अंशपट्टी आणि तिच्या मध्यावर फिरणाऱ्या दोन भुजा, एवढाच त्याचा संभार. हा पहिला कोनमापक. त्याच्या आधारे असंख्य स्फटिक मोजून रोमे द लील याने १७८३ साली हा नियम सर्व खनिजांसाठी मांडला. कारागिराची गरज आणि शास्त्रज्ञाचा नियम यांची अशी सांगड विज्ञानाच्या इतिहासात वारंवार पडलेली दिसते.

या उपकरणाचा उपयोग आपल्या काळ्या पाषाणातील खड्यांवर करून पाहता येतो. पोकळीत पांढरे वा पारदर्शक, खेळातील फाशांसारखे दिसणारे तीन निरनिराळे खडे मिळू शकतात. पहिला अ‍ॅपोफिलाइटचा. त्याच्या बाजू आणि माथा यांच्यात नेमका ९० अंशांचा कोन असतो. दुसरा चॅबाझाइटचा. तोही दुरून घनच वाटतो. परंतु त्याच्या फलकांमधील कोन ९४ अंश ४६ मिनिटे भरतो. तिसरा कॅल्साइटचा, फोडल्यावर मिळणारा तिरपा तुकडा. त्याच्या फलकांतील कोन १०५ अंश ५ मिनिटे. डोळ्यांना जे एकसारखे ‘फासे’ वाटतात ते कोनमापकाखाली ९०, ९५ आणि १०५ असे वेगळे पडतात. क्वार्ट्‌झचे स्फटिक बहुधा टोकदार असतात. टोकाच्या शेजारशेजारच्या दोन फलकांमधील कोन १३३ अंश ४४ मिनिटे असतो, मग तो स्फटिक गोकाकच्या ओढ्यात सापडो की आल्प्स पर्वतात.

यासाठी महागडे यंत्र लागत नाही. शाळकरी मुलाच्या कंपासपेटीतील कोनमापक घ्यावा, त्याच्या मध्यबिंदूवर जाड पुठ्ठ्याची अथवा प्लॅस्टिकची सरळ पट्टी टाचणीने फिरती बसवावी. कोनमापकाची सरळ कड एका फलकाला आणि पट्टी दुसऱ्या फलकाला टेकवावी. दोन्ही फलक जिथे मिळतात त्या कडेला उपकरण काटकोनात धरावे, तिरपे धरल्यास वाचन चुकते. पट्टी आणि फलक यांच्यामधून उजेड दिसेनासा झाला म्हणजे अंश वाचावा. एकच कोन पाचसहा वेळा मोजून सरासरी घ्यावी. अशा घरगुती साधनाने एखाद्या अंशाच्या आतबाहेर उत्तर मिळते, आणि वरील तीन फासे ओळखण्यास तेवढे पुरते.

तथापि एका अंशाने भागत नाही असेही प्रसंग येतात, आणि या विषयाचा खरा बोध त्यांतच आहे. रने आयूई हा फ्रेंच धर्मोपदेशक स्फटिकशास्त्राचा जनक मानला जातो. कॅल्साइटचा एक नमुना पडून फुटला आणि त्याच्या प्रत्येक तुकड्याचा आकार एकच दिसला, यावरून त्याने सर्व स्फटिक सूक्ष्म, एकसारख्या विटांचे रचलेले असतात असा सिद्धांत उभारला, अशी कथा सांगितली जाते. सिद्धांत मूलतः थोर होता. परंतु आयूईची अशी धारणा होती, की निसर्गातील प्रमाणे साधी आणि सुबक असली पाहिजेत. त्या सुबक प्रमाणावरून त्याने कॅल्साइटचा कोन १०४ अंश २८ मिनिटे ४० सेकंद असा काढला. भुजांच्या कोनमापकाची अचूकता अर्ध्या अंशाच्या आसपास असल्यामुळे हा आकडा मोजमापाशी जुळतो आहे असेच भासले.

१८०९ साली लंडन येथील विल्यम वुलस्टन याने नव्या प्रकारचा कोनमापक तयार केला. त्यात फलकाला पट्टी टेकवावी लागत नाही. फलक आरशाप्रमाणे उजेड परावर्तित करतो. स्फटिक फिरवून पुढच्या फलकावरून तेच प्रतिबिंब त्याच जागी आणावयाचे आणि किती फिरवावे लागले ते वाचावयाचे. मोहरीएवढा स्फटिकही यावर काही मिनिटांच्या अचूकतेने मोजता येतो. वुलस्टनने कॅल्साइट मोजला आणि कोन १०५ अंश ५ मिनिटे आला. आयूईच्या आकड्यात अर्ध्या अंशाहून अधिक चूक होती.

ही चूक केवळ हिशेबाची नव्हती. कॅल्साइट, डोलोमाइट आणि लोहयुक्त सिडेराइट या तिन्ही खनिजांचा मूळ आकार एकच आहे, असे आयूई मानीत असे. वुलस्टनने १८१२ साली तिन्हींचे कोन प्रसिद्ध केले: कॅल्साइट १०५ अंश ५ मिनिटे, डोलोमाइट १०६ अंश १५ मिनिटे, सिडेराइट १०७ अंश. एकेका अंशाच्या फरकाने तीन खनिजे एकमेकांपासून स्वतंत्र झाली. आयूईला आपला साधा, सुंदर आकडा सोडणे जड गेले. ज्याने जगाला स्फटिक पाहावयास शिकविले, त्याच्याच हातून मोजमापापेक्षा सिद्धांतास अधिक मान दिला गेला. याने त्याचे थोरपण उणे होत नाही. परंतु कसोटीवर रेघ ओढल्यावर दागिना कितीही आवडता असला तरी रेघ जे सांगते तेच मानावे लागते, हा सराफाचा धडा विज्ञानालाही टाळता आला नाही.

पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीत मिळणारे कॅव्हन्साइट हे गडद निळे खनिज आज जगप्रसिद्ध आहे. अमेरिकेतील ओरेगन राज्यात सापडलेल्या नमुन्यांवरून त्याचे वर्णन १९७३ साली झाले, आणि त्याच वेळी पेंटागोनाइट या दुसऱ्या निळ्या खनिजाचेही झाले. पेंटागोनाइटही वाघोलीस सापडलेले आहे. दोघांचे रासायनिक घटक तंतोतंत एक, रंगही जवळजवळ एक. भेद आहे तो अणूंच्या मांडणीत, म्हणून आकारात. पेंटागोनाइटचे स्फटिक पाचपाच जुळून ताऱ्यासारखा छेद दाखवितात आणि त्यावरूनच त्याला हे नाव मिळाले. रसायनशाळेतील पृथक्करण येथे निरुत्तर होते आणि भूमिती उत्तर देते.

या वास्तूत सांगावी अशी आणखी एक हकीकत आहे. ऑक्सफर्ड येथील टी. व्ही. बार्कर याने स्फटिकांच्या कोनांवरून पदार्थ शोधून काढण्याची पद्धत आखली. त्याच्या निधनानंतर मेरी पोर्टर आणि आर. सी. स्पिलर यांनी ती पूर्णत्वास नेली, आणि १९५१ ते १९६४ या काळात ‘बार्कर सूची’ प्रसिद्ध झाली. तीत पदार्थ नावाने नव्हे, कोनांच्या क्रमाने लावलेले आहेत. अनोळखी स्फटिक मोजावा, ग्रंथ उघडावा आणि त्या कोनाखाली कोणाचे नाव आहे ते पाहावे. ग्रंथपालाच्या तालिकेचे तत्त्व ते हेच. मात्र तोवर काळ पुढे सरकला होता. १९१२ साली माक्स फॉन लाउए याच्या सूचनेवरून स्फटिकातून क्ष-किरण सोडण्यात आले आणि पाठोपाठ ब्रॅग पितापुत्रांनी त्यावरून अणूंची मांडणी उलगडली. आज चिमूटभर पुडीवरूनही खनिज ओळखता येते. ज्या मांडणीचा अंदाज कोनांवरून बांधला होता, ती क्ष-किरणांनी प्रत्यक्ष दाखविली.

कोन हे सर्वस्व नव्हे, हेही सांगितले पाहिजे. स्टिल्बाइट पेंढीसारखे, स्कोलेसाइट सुयांसारखे आणि ओकेनाइट कापसाच्या गोळ्यासारखे वाढते. तेथे पट्टी टेकविण्यास फलकच मिळत नाही. अशा वेळी कठिणपणा, आम्लाशी होणारी क्रिया, फुटण्याची रीत यांचा आधार घ्यावा लागतो. क्वार्ट्‌झ काचेवर ओरखडा काढतो, कॅल्साइट काढीत नाही. कॅल्साइटवर सौम्य आम्लाचा थेंब टाकताच फेस येतो. एका साक्षीवर निकाल देऊ नये, हा न्याय येथेही लागू आहे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. खडीयंत्रात दररोज किती पोकळ्या चिरडल्या जातात त्याची गणती नाही. जे नमुने वाचतात, ते पुष्कळदा शाळेच्या अथवा घराच्या कपाटात चिठ्ठीवाचून पडून राहतात. मग तो खडा कोणत्या गावच्या, कोणत्या थरातून आला हे कोणासही सांगता येत नाही. कोन पुन्हा केव्हाही मोजता येईल. सापडण्याचे ठिकाण एकदा हरवले की कोणत्याही यंत्राने परत मिळत नाही. दाखल-नोंद नसलेले पुस्तक जसे कपाटात असूनही वाचकाला सापडत नाही, तसाच तो नमुना अभ्यासकाला मुकतो. म्हणून खडा हाती येताच गाव, जागा, खोली आणि दिनांक लिहिलेली चिठ्ठी त्याच्यासोबत ठेवावी आणि मोजलेला कोन तिच्यावर टिपावा, आपल्या अपेक्षेशी तो जुळो अथवा न जुळो. ग्रंथांची नोंद जपणाऱ्या या वाचनालयाने आपल्या भूमीतील दगडांच्या नोंदींसाठीही एक कपाट राखावे, त्यात सीमाभागातील शाळकरी मुलांनी आणलेले नमुने जमावेत, एवढी अपेक्षा व्यक्त करून हे विवेचन येथे पूर्ण होते.