मुलावर शिक्का मारण्यापूर्वी

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील अनेक घरांतून आईवडील पहाटेची लोकल गाठतात व दिवेलागणीनंतर परततात. मुलाचे वागणे त्यांना बहुधा शेजाऱ्यांच्या तक्रारीतूनच कळते. मग ते 'वाया गेले' असे ठरविण्यास वेळ लागत नाही.

परंतु एखादी चोरी वा मारामारी म्हणजे आचरणविकार नव्हे. मारहाण, प्राण्यांचा छळ, मोडतोड, चोरी, शाळा बुडविणे, घरातून पळून जाणे अशा १५ लक्षणांपैकी किमान ३ लक्षणे १२ महिन्यांच्या काळात आढळली व त्यामुळे मुलाचे जीवन विस्कळीत झाले, तरच मानसोपचारतज्ज्ञ तसे निदान करतात. तत्पूर्वी घरातील मारझोड, अध्ययन-अक्षमता, अतिचंचलता, नैराश्य यांचाही शोध घेतात. त्यासाठी पालकांइतकेच शिक्षकांचे म्हणणेही मोलाचे असते. वयाच्या १० वर्षांपूर्वी उद्भवलेली लक्षणे अधिक काळ टिकण्याचा संभव असतो; म्हणून विलंब करू नये. उपचारात पालकांना मिळणारे मार्गदर्शन महत्त्वाचे असते.

२०१५ च्या बालन्याय अधिनियमानेही मुलांविषयी दोषारोप करणारे शब्द वर्ज्य मानले आहेत. 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. तेव्हा शिक्का मारण्यापूर्वी मुलाला जवळ बसवावे, त्याचे ऐकावे, ही नम्र विनंती.