'पाळी' शब्दाची झडती



कोशासाठी अर्थ पडताळायचा, तर तो शब्द रोज वापरणाऱ्याला गाठले पाहिजे. 'पाळी'च घ्या. शेतकरी कुळवाची पाळी देतो, सोनार टोचतो ती कानाची पाळी, उपासाची पाळी कुणावरही येते. बायकांची पाळी चारचौघांत उच्चारीत नाहीत. कोशाला असे लाजून चालत नाही. गिरणीची रातपाळी मात्र मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशात कोठून असणार? मुंबईची पहिली कापडगिरणीच स्थापन झाली १८५४ साली!

पण नुसते 'कामाची वेळ' लिहून भागत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. भिवंडीच्या यंत्रमागावर पाळी म्हणजे सर्रास बारा तास. करारात 'माग दोन पाळ्यांत चालेल' असे आले की मी आधी विचारतो, पाळी किती तासांची?