भेटपत्राची मुदत आणि ग्राहकाचा पैसा

(ग्राहक मार्गदर्शन सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



लग्नकार्यात आहेराचे पाकीट देण्याची आपली रीत जुनी आहे. पाकिटातील रक्कम आज खर्चावी वा पुढील चवथीसाठी राखून ठेवावी, तिला कोणी मुदत घातलेली नसते. आता त्या पाकिटाची जागा पुष्कळदा गिफ्ट कार्ड, म्हणजेच भेटपत्र, घेते. दिसावयास ते पैशासारखेच. परंतु बारीक अक्षरांत छापलेल्या अटी त्यास पैशापासून वेगळे करतात.

या व्यवहाराचे मर्म असे की, विक्रेत्यास मोबदला आगाऊ मिळालेला असतो आणि माल देणे बाकी असते. पैसे भरणारा एक, भेट वापरणारा दुसरा. त्यामुळे ज्याला अटी ठाऊक हव्यात, त्याच्या हाती पावतीही नसते. मुदत टळली की न दिलेल्या मालाची किंमत विक्रेत्याकडेच राहते.

अमेरिकेत २००९ च्या कायद्याने यास आळा घातला. २२ ऑगस्ट २०१० पासून तेथे भेटपत्रातील रक्कम सर्वसाधारणपणे पाच वर्षांच्या आत बाद करता येत नाही. न वापरल्याबद्दलचे शुल्कही बारा महिने वापर न झाल्यासच, महिन्यातून एकदाच आणि पूर्वसूचना दिली असेल तरच आकारता येते.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने २७ ऑगस्ट २०२१ रोजी निर्देश काढले. त्यांनुसार बँका व मान्यताप्राप्त संस्थांच्या भेटपत्रांस किमान एक वर्षाची मुदत असावी, त्यांची रक्कम दहा हजार रुपयांहून अधिक नसावी आणि मुदत व शुल्क आरंभीच स्पष्ट सांगावे. मुदत संपण्यापूर्वीच्या ४५ दिवसांत धारकास सावध करणे हे देणाऱ्या संस्थेचे कर्तव्य ठरविले गेले. मुदत उलटल्यावरही धारकाने मागणी केल्यास शिल्लक परत करण्याची तरतूद त्यांत आहे.

मात्र केवळ स्वतःच्याच दुकानात चालणाऱ्या भेटपत्रांस रिझर्व्ह बँकेची मान्यता लागत नाही, आणि हे संरक्षणही त्यांना मिळत नाही. तेथे आधार ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ याचा. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीही या अधिनियमान्वये ग्राहकच होय. म्हणून भेट मिळालेल्याने ‘पैसे माझे नव्हते’ असे मानून गप्प बसण्याचे कारण नाही. अनुचित करार ही संकल्पनाही या अधिनियमात समाविष्ट आहे.

तेव्हा भेटपत्र घेताना मुदत व शुल्क विचारा, पावती भेटीसोबतच द्या आणि मिळालेले भेटपत्र कपाटात न ठेवता वेळेवर वापरा. वाद उद्भवल्यास प्रथम लेखी मागणी करा. दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. आयोगाकडे जावयाचे तर कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस शुल्क नाही.

रक्कम लहान असते, म्हणूनच ती सोडून दिली जाते. अशा सोडून दिलेल्या रकमांवरच अन्यायकारक अटी टिकून राहतात, हे प्रत्येक ग्राहकाने ध्यानी घ्यावे, एवढीच विनंती.