डिस्कची वांटणी



नवा संगणक घरीं आला म्हणजे त्याचा पडदा केवढा, वेग किती, याची चौकशी सारेच करतात. आंतील डिस्कची वांटणी कशी करावी, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. आज त्याच प्रश्नाचा विचार करूं. उदाहरणादाखल १६ जीबी रॅम व ५०० जीबींची डिस्क असलेला, केवळ लिनक्सवर चालणारा घरगुती संगणक घेऊं.

डिस्कवर दोन प्रकारचा ऐवज असतो. एक प्रणालीचा, तो बिघडला तरी तासाभरांत फुकट पुन्हां मिळतो. दुसरा घरचा: मुलांचीं छायाचित्रें, पत्रें, हिशेब, तो गेला कीं गेलाच. माझ्या शेजाऱ्यांकडे हे दोन्ही एकाच विभागांत होते. प्रणाली मोडली, दुरुस्तीस आलेल्या गृहस्थांनीं सारी डिस्क पुसून ती नव्यानें बसविली, आणि ९ वर्षांचीं छायाचित्रें त्या सफाईंत गेलीं. तेव्हां पुन्हां मिळणारें आणि न मिळणारें यांच्यामध्यें भिंत असावी, हा पहिला नियम.

आतां मापें. आरंभीं संगणक सुरू होण्यास लागणारा ईएफआय विभाग, १ जीबी. मग प्रणालीचा, म्हणजे रूट विभाग, ६० जीबी. रॅम अपुरी पडल्यास उपयोगी येणारा स्वॅप, ८ जीबी; चालू काम डिस्कवर उतरवून संगणक बंद करण्याची संवय असेल, तर तो रॅमहून थोडा मोठा ठेवावा. शेवटीं घरच्या ऐवजाचा होम विभाग, ४०० जीबी. रूट व होम यांस एक्स्ट ४ ही मांडणी चांगली. विभागांची सूची जीपीटी पद्धतीची असावी. जुन्या एमबीआर पद्धतींत प्रमुख विभाग चारच होतात.

बेरीज केलीत तर सुमारें ३० जीबी उरतील. हा वहींतला समास समजा, आणि तो रूटच्या लगत पुढेंच मोकळा सोडा. एक्स्ट ४ विभाग पुढल्या कडेस वाढविणें सोपें असतें. परंतु भरलेल्या होमचा आरंभ सरकविणें म्हणजे शेंकडों जीबी उचलून ठेवणें. त्यांत मध्येंच वीज गेली तर सारेंच धोक्यांत.

उबुंटूची दीर्घकालीन आवृत्ति दर दोन वर्षांनीं एप्रिलांत निघते. अशी नवी आवृत्ति मुळापासून बसवितांना रूटपुढें ‘फॉरमॅट’ची खूण करावी, होमपुढें करूं नये. घरचा ऐवज त्या एका खुणेवर अवलंबून असतो.

मात्र एक गोष्ट विसरूं नका. ही भिंत प्रणालीच्या बिघाडापासून रक्षण करील. डिस्कच निकामी झाली तर भिंतीच्या दोन्ही बाजू एकदमच जातील. वांटणी म्हणजे दुसरी प्रत नव्हे. यास्तव महिन्यांतून एकदां होममधील सर्व कांहीं बाहेरच्या डिस्कवर उतरवावें, आणि ती डिस्क संगणकापासून सोडवून कपाटांत ठेवावी.