रोहिताचा पाय

आपण जमलो आहोत त्या पळसदेवचे जुने गाव उजनी धरणाच्या पाण्याखाली गेले. पाणी ओसरले की पळसनाथाचे मंदिर उघडे पडते, आणि त्याच उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. निसर्गापासून शिकून यंत्रमानवाचे शरीर घडवण्याची चर्चा या संमेलनात इथे व्हावी, याचा मला फार आनंद आहे. माझे म्हणणे एवढेच की यंत्राचा मेंदू हुशार करण्याआधी त्याचा पाय शहाणा करायला हवा, आणि तो कसा करावा हे रोहिताच्या पायात दिसते.

यंग-हुइ चांग आणि लीना टिंग यांनी 2017 साली दाखवले की मेलेल्या रोहिताचे शरीरसुद्धा एका पायावर तोलून राहते. तिथे स्नायूंचे बळ नसते. सांध्यांची ठेवण आणि शरीराचे वजनच तोल धरते. दोन पायांवर मात्र ते तसे उभे राहत नाही. याउलट, पायांवर चालणाऱ्या बहुतेक यंत्रमानवांना नुसते उभे राहायलाही मोटारी चालू ठेवाव्या लागतात. जर्मनीच्या माक्स प्लांक संस्थेतील संशोधकांनी 2022 मध्ये पक्ष्यांच्या कंडरांचे तत्त्व वापरून ‘बर्डबॉट’ बनवला. दोन पायांना मिळून चार मोटारी, बाकी काम स्प्रिंगा आणि दोऱ्यांचे. ऊर्जा आधीच्या यंत्राच्या सुमारे चौथा हिस्सा. पाय कशाचा बनला आहे, यालाही तेवढेच महत्त्व आहे. रोहित गाळ ढवळतो तो लवचीक पडद्याच्या पायांनी, आणि चोच झटकन वर ओढून भोवरे उठवतो. त्रिमितीय छपाईने घडवलेले पाय आणि चोची पाण्यात चालवून 2025 मध्ये हे तपासले गेले. पडदा ताठ असता तर पाणी वेगळेच वागले असते.

कोणी म्हणेल, विमान पंख फडफडवत नाही आणि चाक निसर्गात नाही, मग ही नक्कल कशाला? आक्षेप रास्त आहे, पण तो नकलेवर आहे, तत्त्व शिकण्यावर नाही. जपानच्या 1997 च्या बुलेट ट्रेनने खंड्याची चोच घेतली, पिसे घेतली नाहीत. बोगद्यात शिरताना हवेचा धक्का कमी व्हावा, एवढाच हेतू होता. उत्क्रांतीने दिलेले सारे सर्वोत्तम असते असेही नाही. पूर्वजांचे ओझे प्रत्येक शरीर वाहते, म्हणून प्रत्येक रचनेमागचे कारण शोधून ते तपासून घ्यावे लागते.

आणखी एक प्रश्न माझ्या गावकऱ्यांचा: ऊसवाल्याला याचा काय उपयोग? पावसानंतरच्या काळ्या रानात जड यंत्र रुतते आणि माती दाबून टाकते. गाळात पाय घालणे सोपे, बाहेर काढणे कठीण. बैलाचे दुभंगलेले खूर भाराखाली फाकतात, उचलताना मिटतात. हे तत्त्व ध्यानात घेऊन शेतयंत्राचे पाऊल घडवता येईल, असे मला मनापासून वाटते, आणि ते इथल्या चिखलात तपासले जावे.

उद्या पहाटे आपले मच्छीमार बांधव पाहुण्यांना होडीतून थव्याजवळ नेतील. अंतर राखून थांबा, आणि पंखांच्या आधी पाय पाहा.